दिवस जाण्याआधीचे दिवस

बाईच्या आयुष्यातील टप्प्यांना नावे देताना मराठी भाषेने कधी हात आखडता घेतलेला नाही. न्हाण आलेली ती न्हातीधुती, दिवस गेलेली ती पोटुशी, सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसून पाटावर बसलेली ती डोहाळकरीण, खाटेखाली शेक घेणारी ती बाळंतीण आणि कडेवर मूल घेतलेली ती लेकुरवाळी. ज्या बाईच्या वाट्याला यांतले पुढचे काहीच आले नाही, तिच्यासाठीसुद्धा एक निर्दय शब्द आपण तयार ठेवला आहे. पण जिचे लग्न झाले आहे, मूल व्हावे अशी जिची इच्छा आहे आणि अजून दिवस गेलेले नाहीत, अशा बाईला मराठीत शब्द नाही. ‘अजून काही नाही’ एवढेच तिच्याविषयी बोलले जाते. म्हणजे जे आहे त्याने नव्हे, जे नाही त्याने ती ओळखली जाते.

शब्द नसतो तेव्हा बहुधा त्या वस्तूकडे कोणाचे लक्षही नसते. आजचे वैद्यकशास्त्र मात्र सांगते की, होणाऱ्या बाळाचे आणि त्याच्या आईचे पुष्कळसे भवितव्य या बिननावाच्या महिन्यांतच ठरते. तेव्हा बाईने एकदा डॉक्टरकडे जाऊन यावे आणि नवऱ्यानेही तिच्याबरोबर जावे. सरकारी कागदांवर या भेटीला ‘गर्भधारणापूर्व तपासणी’ असे नाव आहे. नाव अवजड आहे, गोष्ट साधी आहे. ती आपल्यापर्यंत पोचायला इतका उशीर का लागला, हे मला येथे सांगावयाचे आहे. सणाच्या अंकात दवाखान्याचा विषय काढला म्हणून वाचकांनी राग मानू नये. घराघरांत पाळणा हलावा अशी इच्छा धरूनच हा विषय मी काढला आहे.

मी हे लिहितो आहे ते गुरुकुंज मोझरीहून. नागपूर-अमरावती रस्त्यावर, तिवसा तालुक्यात हे गाव आहे. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी येथे आश्रम उभारला आणि १९५५ साली त्यांची ‘ग्रामगीता’ लोकांच्या हाती आली. एकेचाळीस अध्यायांच्या या ग्रंथात ग्रामआरोग्याला एक अध्याय आहे आणि महिलोन्नतीला एक आहे. रोग झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो होऊ नये असे राहावे, हा पहिल्याचा रोख आहे. स्त्री खचली तर घर आणि गाव दोन्ही खचतात, हा दुसऱ्याचा. हे दोन अध्याय शेजारी मांडून वाचले तर आपला आजचा विषय आपोआप तयार होतो, असे मला नेहमी वाटत आले आहे. आश्रमाच्या परिसरात आयुर्वेद महाविद्यालयही आहे. तेथील मुलामुलींना जे ग्रंथ शिकावे लागतात, त्यांतूनच हा इतिहास सुरू करणे सोयीचे होईल.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात ‘जातिसूत्रीय’ नावाचा अध्याय आहे. त्याची सुरुवात गर्भार स्त्रीपासून होत नाही, तिच्याही आधीपासून होते. मूल हवे असलेल्या स्त्री-पुरुषांनी प्रथम शरीराची शुद्धी करून घ्यावी, मग पुरुषाने औषधी घातलेले दूध-तूप आणि स्त्रीने तेल-उडीद असा आहार ठेवावा, असे त्यात सांगितले आहे. तयारी दोघांची आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सुश्रुताने गर्भ राहण्यासाठी चार गोष्टी लागतात असे म्हटले आहे: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. रोहिण्या लागण्यापूर्वी ज्याने वावर वखरून ठेवले नाही, त्याच्या पऱ्हाटीचे काय होते हे त्याला ठाऊक आहे. पेरणीच्या दिवशी वखर शोधत फिरणाऱ्याला गाव हसते.

पण या शेताच्या उपमेत एक धोकाही आहे, आणि तो पुढे खरा ठरला. शेत म्हटले की मालक आला आणि पीक आले. शेताला स्वतःचे असे काही दुखणे असते हे कोणी विचारीत नाही. त्याच सुश्रुतसंहितेत म्हटले आहे की, सोळा वर्षांहून लहान मुलीला पंचविशीच्या आतल्या पुरुषापासून गर्भ राहिला तर तो पोटातच दगावतो, किंवा जन्मलेले मूल दुबळे निपजते. हे वचन पोथीत राहिले आणि व्यवहारात आठ-नऊ वर्षांच्या मुली बोहोल्यावर चढल्या. गर्भाधान हा सोळा संस्कारांतला पहिला संस्कार. तयारीचा म्हणून सांगितलेला तो विधी मुलीला न्हाण येताच उरकावयाचा कार्यक्रम होऊन बसला. संस्कार टिकला, त्यातली तयारी तेवढी गळून गेली.

या प्रश्नावर महाराष्ट्रात पहिले मोठे रण माजले ते १८९१ साली. संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा दहा वर्षांवरून बारावर नेली. आज ऐकताना अंगावर काटा यावा असे हे आकडे आहेत. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्राधार काढून सुधारणेची बाजू मांडली, लोकमान्य टिळकांनी परक्या सरकारने आपल्या घरात शिरू नये म्हणून विरोध केला. त्या वादाची शाळेच्या पुस्तकांतून पुष्कळ चर्चा होते. पण त्याच सुमारास हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासांवर स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे एक अर्ज पाठवला होता, तो फारसा कोणाला आठवत नाही. त्यात शास्त्राधार नव्हते. लहान मुलींच्या शरीरांना झालेल्या इजांची, डोळ्यांनी पाहिलेली यादी होती. मूल होण्यापूर्वी बाईचे शरीर कोणत्या स्थितीत आहे हे पाहिले पाहिजे, हा मुद्दा आपल्या सार्वजनिक जीवनात आला तो असा, जखमांच्या यादीतून. पुढे शारदा कायद्याने १ एप्रिल १९३० पासून मुलीचे लग्नाचे वय चौदा केले आणि १९७८ साली ते अठरा झाले. गर्भधारणेपूर्वीच्या काळजीचा विचार केला तर लग्नाचे वय ही तिची पहिली पायरी होय. ती चढायला आपल्याला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

दुसरी पायरी बाईने डॉक्टरपर्यंत पोचण्याची. आनंदीबाई जोशी यांची कथा प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. १८६५ साली जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल आणि दहाव्या दिवशी त्या मुलाचा मृत्यू. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. परंतु त्यांनी पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय काय होता, हे पुष्कळांना माहीत नसते. तो होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. फिलाडेल्फियाच्या थंडीत बसून, क्षयाने पोखरत चाललेली ती एकवीस वर्षांची मुलगी आपल्या जुन्या ग्रंथांत बाळंतपणाविषयी काय सांगितले आहे ते इंग्रजीत मांडीत होती. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. एकाही रुग्णाला नीट तपासण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

त्याच वर्षांत स्त्रियांसाठी दवाखाने उभे राहू लागले. १८८५ साली लेडी डफरीन यांच्या नावाचा निधी निघाला, १८८६ मध्ये मुंबईचे कामा रुग्णालय सुरू झाले. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक अजूनही ‘डफरीन’ म्हणतात आणि अकोल्याच्या रुग्णालयाला ‘लेडी हार्डिंग’. एस.टी.तून उतरणारी म्हातारी रिक्षावाल्याला ‘डफरीनले ने’ म्हणते तेव्हा ती कोण बाई होती याच्याशी तिला काही कर्तव्य नसते. तिच्या लेखी डफरीन म्हणजे बाळंतपण. आणि हीच गोष्ट येथे पाहण्यासारखी आहे: रुग्णालय आले, पण बाई तेथे पोचायची ती अडल्यावर. घरातल्या सुईणीने हात टेकले की मग बैलगाडी जुंपायची.

ही वेळ अलीकडे ओढण्याचे काम विसाव्या शतकाने केले. १९०१ साली एडिंबरोच्या डॉ. बॅलंटाइन यांनी अशी सूचना केली की, बाळंतपणासाठी जशी खाट लागते तशी गरोदरपणातल्या आजारासाठीही रुग्णालयात खाट हवी. तोवर गरोदर बाईची काळजी ही डॉक्टरची बाब आहे असे जगात फारसे कोणाला वाटत नव्हते. तेथून गरोदरपणातील तपासणीची पद्धत निघाली आणि हळूहळू आपल्याकडे आली. आज मोझरीच्या आसपासच्या कोणत्याही गावात गेलात तर गरोदर बाईचे नाव आशाताईच्या वहीत असते, तिच्या हातात कार्ड असते आणि महिन्याच्या नऊ तारखेला तिची विशेष तपासणी होते. ही योजना २०१६ पासूनची आहे. अडल्यावरची वेळ मागे सरकत सरकत तिसऱ्या महिन्यापर्यंत आली. पण तिसऱ्या महिन्याच्याही मागे जायला हवे, हे कशावरून ठरले?

त्याचे उत्तर शोधायला आपल्याला मुंबईच्या गिरणगावात जावे लागते. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या आणि पडद्यात राहणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक जीवघेणा पंडुरोग होत असे. बाई पांढरी पडत जाई आणि बाळंतपणात किंवा त्यापूर्वीच मरे. या रोगाचा शोध घेण्यासाठी डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या सांगण्यावरून त्या आल्या होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांची प्रयोगशाळा होती आणि कामा रुग्णालयात त्यांचे रुग्ण होते. आधी वाटले की हा एखादा जंतू असेल. बाईंनी बायकांची घरे पाहिली, त्या काय खातात ते पाहिले आणि जंतूचा नाद सोडून अन्नाचा माग धरला. उंदरांवर आणि मग माकडांवर प्रयोग झाले. शेवटी गुण आला तो मार्माइट नावाच्या, पावाला लावून खायच्या एका स्वस्त विलायती पदार्थाने. यीस्टपासून काढलेला हा काळा, खारट लेप खाल्ल्यावर मरणाच्या दारातल्या बायका उठून बसू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या पदार्थात नेमके काय आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढले गेले, म्हणून त्याचे नाव पानावरून फॉलिक ॲसिड असे पडले. आणि १९४५ मध्ये अमेरिकेत आपले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालील मंडळींनी ते प्रयोगशाळेत तयार केले.

औषधाच्या दुकानात अगदी थोडक्या पैशांत मिळणाऱ्या त्या चिमुकल्या गोळीचा जन्म असा परळ-भायखळ्याच्या बायकांच्या दुखण्यातून झालेला आहे. त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. मला मात्र ती गोळी पाहिली की प्रथम त्यांची आठवण होते.

या गोळीचा दुसरा गुण कळायला आणखी साठ वर्षे लागली. काही मुले पाठीचा कणा उघडा राहून किंवा मेंदूची वाढ अपुरी राहून जन्मतात. १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने सात देशांतल्या तेहेतीस केंद्रांवर केलेल्या पाहणीचा निकाल जाहीर केला. ज्या बायकांना पूर्वी असे मूल झाले होते, त्यांनी गर्भ राहण्यापूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर पुन्हा तसे मूल होण्याचा संभव ७२ टक्क्यांनी कमी झाला. येथे ‘पूर्वीपासून’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अवघ्या २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, आठ दिवस वाट पाहिली, सासूबाईंना सांगितले, चांगला दिवस पाहून दवाखान्यात गेले, तोवर ती मिटून गेलेली असते. नीट मिटली असेल तर उत्तम, नसेल तर मग गोळीचा या कामी उपयोग नाही. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवणारी आपली सारी व्यवस्था, कितीही चांगली असली तरी, या एका गोष्टीपुरती उशिरा पोचते.

अशी आणखीही उदाहरणे आहेत. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या डॉ. नॉर्मन ग्रेग यांना जन्मतः मोतीबिंदू असलेली तान्ही मुले एकामागून एक दिसू लागली. त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला, म्हणजे गोवरासारखा दिसणारा किरकोळ ताप-पुरळाचा आजार, येऊन गेला होता. या आजारावर आज लस आहे, पण ती गरोदर बाईला देत नाहीत. ती घेतल्यावर निदान महिनाभर तरी दिवस जाऊ देऊ नयेत असे सांगतात. म्हणजे ती दिवस जाण्याआधीच द्यावी लागते. ज्या बाईला आधीपासून मधुमेह आहे तिची साखर गर्भ राहते त्या वेळी ताब्यात असली पाहिजे, कारण बाळाचे हृदय आणि इतर अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात. फेफऱ्यावरच्या काही औषधांनी गर्भाला अपाय होतो. ती आपल्या मनाने बंद करणेही तितकेच वाईट, म्हणून डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्यावी लागतात. या सर्व गोष्टींना एकच मुहूर्त आहे आणि तो गर्भधारणेच्या अलीकडचा आहे.

आता मुहूर्ताचा विषय निघालाच आहे तर पत्रिकेबद्दलही बोलू. आपल्याकडे लग्न ठरवताना छत्तीस गुण जुळवतात आणि त्यांतही नाडीला सर्वांत अधिक मान. एकनाड आली की संततीला धोका, म्हणून चांगली स्थळे मोडतात. म्हणजे होणाऱ्या मुलाची काळजी आपल्या समाजाला नाही असे नाही. काळजी आहे, फक्त ती आकाशाकडे पाहून घेतली जाते. अलीकडे सुशिक्षित घरांतून ‘दोघांचा रक्तगट एकच आहे, चालेल का?’ असेही विचारतात. त्याने काही बिघडत नाही. बिघडू शकते ते बाईचे रक्त आर-एच निगेटिव्ह आणि नवऱ्याचे पॉझिटिव्ह असेल तर, आणि त्यावरही १९६० नंतरच्या दशकात निघालेले एक इंजेक्शन वेळेवर दिले तर धोका टळतो. पण आम्हां विदर्भातल्या लोकांनी जे रक्त खरोखर पाहावयाचे, ते पाहण्याची अजून रीत पडलेली नाही.

तो आजार म्हणजे सिकलसेल. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतात हा दोष आढळत असल्याचे ‘लॅन्सेट’ या विलायती नियतकालिकातून जगाला कळवले. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात, सांधे दुखतात, पंडुरोग होतो. विदर्भातील काही समाजांत आणि मेळघाट-गडचिरोलीच्या आदिवासींत तो पुष्कळ आहे. ज्याच्या अंगात हा दोष एकाच बाजूने आला आहे तो ‘वाहक’. त्याला बहुधा काहीच त्रास नसतो, आणि आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते, तिच्यात दोष दिसला तर पुढची पक्की तपासणी करतात. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी या रोगासाठी आपले आयुष्य वेचले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेलचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. दोघांची नाडी पाहण्यापेक्षा दोघांच्या रक्ताचा एक थेंब पाहणे किती सोपे आहे! आणि दोष निघालाच तर स्थळ मोडलेच पाहिजे असेही नाही. पुढे काय करता येते हे डॉक्टर सांगतात आणि निर्णय त्या दोघांनी घ्यावयाचा असतो. फक्त तो डोळे उघडे ठेवून घेतला जातो.

एवढे सारे उपलब्ध असताना बाई दवाखान्यात का जात नाही? याचे उत्तर गडचिरोलीने दिले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी त्या जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता आणि त्यांतल्या फक्त ८ टक्के बायकांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. या बायका गरोदर होत्या म्हणून तपासल्या गेल्या नव्हत्या. त्या बायका होत्या म्हणून तपासल्या गेल्या. साऱ्या जगाला हे नवीन होते. तोवर दवाखान्याला बाई दिसे ती तिच्या पोटात मूल असले तर, नाही तर कुटुंबनियोजनाच्या वेळी. मधल्या काळात ती पांढऱ्या पाण्याने, पाठदुखीने, अशक्तपणाने कण्हत कामाला जाई, आणि ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ म्हणून गप्प बसे.

आमच्या वऱ्हाडात याला एक ठरलेले उत्तर आहे. नव्या सुनेला एकदा तपासून आणा म्हटले की आजी म्हणते, “पोरगी चांगली धडधाकट हाय, मंग डाक्टरकडे कायले न्यायाची?” या प्रश्नात अडाणीपणा आहे असे मी मानत नाही, त्यात भीती आहे. लग्नाला सहा महिने झाले आणि सून दवाखान्याची पायरी चढताना दिसली, की गावात कुजबुज सुरू होते: हिच्यात काही कमी आहे की काय? दोष निघाला तर तो तिचा, न निघाला तरी संशय तिचा. म्हणून घरचे नेत नाहीत आणि तीही जात नाही. यावरचा उपाय मला एकच दिसतो, आणि तो चरकाने सांगून ठेवला आहे: जायचे ते दोघांनी मिळून. नवरा बरोबर असला की कुजबुज निम्मी होते. आणि त्याचे जाणे नुसते सोबतीचे नसते. त्याचे रक्तही पाहावयाचे असते, आणि दिवसातून चार वेळा खर्रा घोटणाऱ्या आमच्या वैदर्भीय जावईबापूंना त्या खऱ्याविषयी चार शब्द डॉक्टरच्या तोंडून ऐकवणे हेही मोठे काम असते.

एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘गर्भधारणापूर्व’ हा शब्द आपल्या कायद्यात आला तो कशासाठी? गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात महाराष्ट्राने सर्वांत आधी, १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. पुढे गर्भ राहण्याआधीच मुलगा निवडण्याच्या युक्त्या निघाल्या, तेव्हा २००३ मध्ये त्या कायद्याच्या नावातच ‘गर्भधारणापूर्व’ हा शब्द घालावा लागला. म्हणजे ज्या दिवसांना आपण नाव दिले नव्हते त्यांना पहिले सरकारी नाव मिळाले ते मुलीला टाळण्याची खटपट रोखण्यासाठी! आपण ज्या तपासणीविषयी बोलतो आहोत तिचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मुलगा की मुलगी हे ती सांगत नाही आणि तसे सांगतो म्हणणाऱ्याच्या दारात कोणी जाऊ नये.

आहाराचाही विचार याच काळात करावा लागतो, हे दाखवणारे मोठे काम महाराष्ट्रातच झालेले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता आणि मुले यांचा वर्षानुवर्षे माग ठेवला. ज्या आया पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक घेत, त्यांची बाळे जन्मताना अंगाने चांगली असत, असे त्यांना दिसले. मग २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ‘सरस’ नावाचा प्रयोग झाला. काही हजार बायकांना दिवस जाण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळ, दूध, तर उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखे पदार्थ. निकाल चमत्कार म्हणावा असा नव्हता. सरसकट सगळ्यांच्या बाळांचे वजन निश्चितपणे वाढले असे म्हणता आले नाही. पण ज्यांनी गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून तो खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळे सरासरीने सुमारे ४८ ग्रॅम अधिक भरली; आणि गरोदरपणातील मधुमेह पालेभाजीवाल्या गटात ७.३ टक्के, तर दुसऱ्यात १२.४ टक्के आढळला. एक मूठ मेथी, एक पेरू आणि कपभर दूध यांचा हा हिशेब आहे. आपल्या घरांत मात्र सून पोटुशी राहिली म्हणजे तिच्या ताटात तूप पडते. तोपर्यंत ती सर्वांच्या मागून, उरलेसुरले खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या. हा आकडा औषधाच्या दुकानातला नाही, तो पंगतीतल्या क्रमाचा आहे.

अलीकडे वारे थोडे फिरले आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, राज्य सरकारने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम सुरू केली आणि अठरा वर्षांवरील सर्व स्त्रियांची तपासणी करण्याचे ठरवले. गरोदर असो वा नसो. नाशिक जिल्ह्यातील पेठ आणि सिन्नर तालुक्यांत तर येत्या वर्षात मूल हवे असलेल्या बायका शोधून त्यांच्या तपासणीचा प्रयोगही झाला. देवीच्या नऊ दिवसांत घरच्या लक्ष्मीचे रक्त तपासावे, ही कल्पना मला फार आवडली. फक्त मोहिमेचे दिवस संपले की तपासणी संपू नये.

या भेटीत होते तरी काय, असे वाचक विचारतील. भ्यावे असे काही होत नाही. डॉक्टर वय, पाळी, आधीची बाळंतपणे, घरातले आजार विचारतात. वजन आणि रक्तदाब पाहतात. रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तगट आणि सिकलसेल पाहतात. काही संसर्गजन्य आजारांचीही चाचणी करतात. दात किडले असतील तर ते आधी नीट करून घ्यायला सांगतात. एखादी लस राहिली असेल तर देतात, आणि दिवस जाण्याच्या निदान एक महिना आधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करतात. साधारणपणे ती रोज चारशे मायक्रोग्रॅम असते, काहींना डॉक्टर अधिक देतात. अर्ध्या दिवसाचे काम आहे. यातून सगळीच संकटे टळतात असे कोणी म्हणत नाही. पण जी टाळता येतात ती नुसत्या उशिरामुळे ओढवून घेण्यात काय अर्थ आहे?

आणि एवढे करून दिवस गेलेच नाहीत, किंवा त्या दोघांनी मूल नकोच म्हटले, तर हे सारे वाया गेले का? माझ्या मते मुळीच नाही. बाईचा रक्तक्षय गेला, तिचे थायरॉइड वेळेवर कळले, पाठीचे दुखणे दूर झाले, हा फायदा तिचा स्वतःचा आहे. पीक आले नाही म्हणून जमिनीची निगा फुकट गेली असे शेतकरीही म्हणत नाही. मग माणसाच्या बाबतीत तरी आपण तसे का म्हणावे? वसा-अमिर्झाच्या बायकांनी आणि परळच्या त्या अनाम गिरणीकामगारणींनी आपल्याला शिकवले असेल तर ते हेच.

मोझरीला दरवर्षी आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा सोहळा भरतो. वऱ्हाडातल्या खेड्याखेड्यांतून लेकीसुना येतात, आणि तो आटोपून लोक घरी परतले की चार-सहा दिवसांत दिवाळी येते. ज्यांच्या घरी या वर्षी लग्न झाले आहे, त्यांच्याकडे दिवाळसणाला लेक-जावई येतील. सासूबाई जावयाला काय द्यायचे याची यादी करीत असतील: अंगठी, कपडे, नाही तर आणखी काही. त्या यादीत शेवटी एक ओळ वाढवावी, एवढीच माझी विनंती आहे. फराळ झाला, ओवाळणी झाली, भाऊबीज झाली, की परत जाण्यापूर्वी एके दिवशी सकाळी दोघांनी मिळून गावातल्या आरोग्यकेंद्रात किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन यावे. कोणी विचारलेच तर आईने सरळ सांगावे, “दोघांची तब्येत दाखवायला गेले आहेत.” चार घरांतून असे सांगितले गेले की पाचव्या घराला ते सांगण्याची लाज वाटणार नाही.